संकटकाळात हॉटेलच्या मागणीचा अंदाज कसा बांधायचा

एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधल्या ज्वालामुखीची राख युरोपच्या आकाशात पसरली आणि तिथली बहुतेक हवाई वाहतूक जवळपास आठवडाभर ठप्प झाली. सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली. विमानाने येणाऱ्या पाहुण्यांवर चालणारी हॉटेले रिकामी पडली, आणि त्याच दिवसांत बंद विमानतळांच्या आसपास अडकलेल्या प्रवाशांना खोली मिळेना. अशा वेळी ‘मागणी किती टक्क्यांनी पडेल?’ एवढाच प्रश्न घेऊन बसलेल्या माणसाच्या हाती काही लागत नाही. कोणाची मागणी, कशामुळे अडली आणि किती दिवसांसाठी, हे आधी विचारावे लागते.

दुसरी अडचण पद्धतीची आहे. नेहमीच्या दिवसांत आपण गेल्या वर्षीची हीच वेळ घेतो, थोडी वाढ धरतो आणि अंदाज तयार होतो. संकटात हा आधारच तुटतो. मग तोल सांभाळायला उरते ती एकच गोष्ट: गेल्या दोन-तीन आठवड्यांत आपल्याच हॉटेलात कोणती बुकिंग आली, कोणती रद्द झाली, आणि येण्याच्या किती दिवस आधी. पुढची सगळी पद्धत याच नोंदींवर उभी आहे. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेल आणि रोजची शिस्त पुरते.

पायरी १ : अंदाज कशासाठी हवा ते आधी लिहा

बहुतेक जण इथे घाई करतात. बारा महिन्यांचा तक्ता भरायला घेतात आणि तिसऱ्या दिवशी तो शिळा होतो. त्याऐवजी येत्या काळात घ्यायचे निर्णय कागदावर मांडा आणि प्रत्येकासमोर तो किती दिवस आधी घ्यावा लागतो ते लिहा. नाशवंत मालाची खरेदी दोन-तीन दिवस आधी ठरते. हाउसकीपिंगची ड्यूटी आठवडाभर आधी लागते. बंद मजला उघडायचा तर साफसफाई, पाणी, एसीची तपासणी आणि माणसे, यांना दोन-तीन आठवडे जातात. कर्जाचा हप्ता आणि पगार यांसाठी बँकेला किंवा मालकांना तीन महिन्यांचे चित्र दाखवावे लागते.

यातून अंदाजाची मुदत आपोआप ठरते. येत्या सात दिवसांसाठी रोजचा, खोल्यांच्या आकड्यातला अंदाज. तीन-चार आठवड्यांसाठी दिवसवार, पण पट्ट्यात. त्यापुढे फक्त महिन्याची शक्यता. सहा महिन्यांनंतरच्या एखाद्या मंगळवारी ४३ खोल्या भरतील असे लिहिण्यात काही अर्थ नाही. त्या आकड्यावर कोणताच निर्णय अवलंबून नसतो.

पायरी २ : गाठ कुठे आहे ते ओळखा

पाहुणा न येण्याची कारणे साधारण पाचच असतात: त्याला यायला परवानगी नाही, यायला साधन नाही, पैसे नाहीत, भीती वाटते, किंवा यायचे कारणच उरलेले नाही (परिषद रद्द, कारखाना बंद, लग्न पुढे ढकललेले). सहावे कारण हॉटेलच्या बाजूचे: पुराने किंवा भूकंपाने आपल्याच खोल्या वापराबाहेर गेल्या.

प्रत्येक गाठ वेगळ्या रीतीने सुटते. परवानगीची गाठ एका आदेशाने, ठरलेल्या तारखेला सुटते, म्हणून मागणी पायरीसारखी उडी घेते. २००३ मध्ये सार्सच्या साथीत जागतिक आरोग्य संघटनेने हाँगकाँगला अनावश्यक प्रवास टाळण्याची सूचना २ एप्रिलला दिली आणि २३ मे रोजी मागे घेतली. असे दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवण्यासारखे असतात. भीतीची गाठ हळूहळू सैल होते आणि अंतराप्रमाणे होते: जवळचे पाहुणे आधी परततात, लांबचे नंतर. पैशांची गाठ सर्वांत चिवट. २००८-०९ च्या आर्थिक मंदीत प्रवास सुरूच होता, पण कंपन्यांनी बजेट कापले. अनेक बाजारांत खोल्या भरू लागल्यावरही सरासरी दर, म्हणजे एडीआर, बराच काळ खालीच राहिला.

जगभराच्या सरासरीवर मात्र विसंबू नका. २००३ मध्ये जगातल्या आंतरराष्ट्रीय पर्यटकांची संख्या एक टक्क्याहूनही कमी घटली, पण साथीच्या केंद्रातल्या शहरांत हॉटेले ओस पडली होती. २००९ मध्ये घट सुमारे चार टक्के होती. २०२० मध्ये हीच संख्या आदल्या वर्षीच्या साधारण १४६ कोटींवरून ४० कोटींच्या आसपास आली. यातल्या एकाही आकड्यावरून तुमच्या हॉटेलचा शुक्रवार कळत नाही.

पायरी ३ : रोजचा फोटो काढून ठेवा

नाइट ऑडिट (रात्री दिवसाचा हिशोब बंद करण्याचे काम) झाल्यावर पुढच्या ९० दिवसांची बुकिंगची स्थिती, म्हणजे ओटीबी, दररोज जतन करा. बहुतेक पीएमएस, म्हणजे हॉटेलचे बुकिंग सांभाळणारी सॉफ्टवेअर, आजची स्थिती दाखवतात. दहा दिवसांपूर्वी येत्या १४ तारखेसाठी किती बुकिंग होते हे नंतर काढता येईलच असे नाही. म्हणून फाइल रोज वेगळ्या नावाने साठवायची, जुनीवर लिहायची नाही. प्रत्येक ओळीत मुक्कामाची तारीख, स्तंभात सेगमेंट (पाहुण्यांचा गट), आणि आत खोल्या व महसूल.

निव्वळ वाढीवर थांबू नका. एखाद्या तारखेची बुकिंग काल २ खोल्यांनी वाढली, म्हणजे २ नवीन आली असेही असेल, किंवा २० आली आणि १८ रद्द झाली असेही असेल. पहिला बाजार शांत आहे, दुसरा उकळतो आहे. दोन्हींची निव्वळ वाढ सारखीच दिसते. म्हणून नवीन बुकिंग आणि कॅन्सलेशन यांचे स्तंभ वेगळे ठेवा.

नाकारलेल्या बुकिंगचीही नोंद हवी. नियमामुळे किंवा माणसे कमी असल्यामुळे निम्म्याच खोल्या विकत असाल, तर विकलेल्या खोल्या म्हणजे मागणी नव्हे. फोनवर ‘नाही’ म्हटले ते साध्या वहीत टिपले तरी चालेल. ही नोंद नसेल तर पुढच्या वर्षी तुमचा अंदाज त्याच कृत्रिम मर्यादेवर जाऊन अडकेल.

पायरी ४ : पाहुण्यांचे गट पाडा, आणि बुकिंगचे वयही पाहा

कॉर्पोरेट, ग्रुप, ओटीएवरून (ऑनलाइन बुकिंग साइटवरून) येणारे पर्यटक, थेट बुकिंग करणारे, एअरलाइन क्रू, महिनाभर राहणारे: हे सगळे संकटात एकाच चालीने चालत नाहीत. २०२० मध्ये अमेरिकेतल्या हॉटेलांची वर्षभराची ऑक्युपन्सी (भरलेल्या खोल्यांचे प्रमाण) ४४ टक्क्यांच्या आसपास घसरली, तेव्हाही दीर्घ मुक्कामाची आणि किफायती हॉटेले तुलनेने तग धरून होती. गाडीने पोहोचता येणारी सुटीची ठिकाणे आधी सावरली. परिषदा आणि कंपनीच्या प्रवासावर जगणारी शहराच्या मध्यातली मोठी हॉटेले मागे राहिली. एकत्रित आकडा पाहणाऱ्याला यातले काहीच दिसले नसते.

गट फार बारीक करू नका. शंभर-सव्वाशे खोल्यांच्या हॉटेलात चार-पाच गट पुरे. त्याहून जास्त पाडले तर प्रत्येकात इतक्या कमी खोल्या उरतात की आकडे नुसते नाचतात.

याशिवाय एक विभागणी बहुतेक ठिकाणी राहून जाते: संकटापूर्वी झालेले बुकिंग आणि संकट सुरू झाल्यानंतर झालेले बुकिंग. जुन्या बुकिंगमागे जुने जग गृहीत धरलेले असते, म्हणून ती ढासळण्याची शक्यता मोठी. बातम्या माहीत असूनही आज खोली घेणारा माणूस येण्याच्या इराद्यानेच घेतो. निदान त्याच्यावर अधिक विसंबता येते. बुकिंग केल्याच्या तारखेवरून हा भेद एका फिल्टरमध्ये होतो आणि अंदाजात मोठा फरक पडतो.

तिसरा प्रकारही असतो: तारीख पुढे ढकललेली बुकिंग. पैसे परत देण्याऐवजी व्हाउचर दिले की पाहुणा काहीतरी दूरची तारीख सांगून मोकळा होतो. ती तारीख तुमच्या तक्त्यात भरलेली दिसते, प्रत्यक्षात तो निर्णय पुढे ढकललेला असतो. अशा खोल्यांना वेगळा रंग द्या आणि पाहुण्याने पुन्हा खात्री देईपर्यंत पक्क्या बेरजेत धरू नका.

पायरी ५ : पिकअप काढा, तोही ताजा

पिकअप म्हणजे एखाद्या तारखेच्या बुकिंगमध्ये ठरावीक दिवसांत पडलेली भर. हा या सगळ्याचा गाभा आहे, म्हणून उदाहरण घेऊ. १२० खोल्यांचे एक काल्पनिक हॉटेल. आज शुक्रवार. तीन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारसाठी आज १८ खोल्या बुक आहेत. शेवटी किती भरतील?

साधी रीत अशी: मागचे चार शुक्रवार घ्या. २१ दिवस आधी त्यांची बुकिंग अनुक्रमे २२, १५, २०, १२ होती आणि शेवटी ५८, ४९, ६१, ५२ खोल्या भरल्या. म्हणजे मधल्या तीन आठवड्यांत ३६, ३४, ४१, ४० खोल्या वाढल्या. सरासरी साधारण ३८. अंदाज १८ अधिक ३८, म्हणजे ५६.

काही जण बेरजेऐवजी गुणोत्तर लावतात. वरच्या चार शुक्रवारी बुकिंग सरासरी ३.३२ पट झाली, म्हणून १८ च्या साधारण ६० होतील. इथे फरक लहान दिसतो, पण संकटात गुणोत्तर फसवते. हातात १८ ऐवजी ४ खोल्या असत्या तर उत्तर १३ आले असते. आणि १८ मध्ये ३० खोल्यांचा ग्रुप येऊन ४८ झाल्या असत्या तर उत्तर १५९ आले असते, तेही १२० खोल्यांच्या हॉटेलात! पाया लहान आणि उड्या मोठ्या असतात तेव्हा बेरजेची रीत सुरक्षित. ग्रुप आधी बाजूला काढायचा, वैयक्तिक बुकिंगवर पिकअप लावायचा, आणि ग्रुपच्या खोल्या शेवटी वेगळ्या मिळवायच्या.

पण बेरजेच्या रीतीतही एक खोट आहे. पूर्ण झालेल्या चार शुक्रवारांची माहिती सहा आठवड्यांपर्यंत मागे जाते, आणि संकटात सहा आठवडे म्हणजे वेगळे युग. म्हणून फक्त गेल्या सात दिवसांकडे पाहा. या आठवड्यात तीन शुक्रवार वेगवेगळ्या टप्प्यांवर होते. आजचा शुक्रवार सात दिवसांवरून शून्यावर आला आणि त्यात १४ खोल्या वाढल्या. पुढचा शुक्रवार १४ दिवसांवरून ७ वर आला, वाढ ९. त्यापुढचा २१ वरून १४ वर आला, वाढ ५. तिन्ही तुकडे जोडा: ५ अधिक ९ अधिक १४, म्हणजे २८. अंदाज ४६.

५६ आणि ४६ यांतला १० खोल्यांचा फरक म्हणजे बाजार थंडावल्याची खबर. जुन्या रीतीत ती हळूहळू मुरत आली असती, कारण नवा शुक्रवार पूर्ण झाल्याशिवाय तो हिशोबात येतच नाही. बाजार सुधारू लागला की हीच रीत उलट्या दिशेने तितक्याच लवकर इशारा देते.

एका आठवड्याचा आकडा लहरी असतो, हेही खरे. एखादी क्रिकेटची लढत किंवा एकच मोठे कुटुंब त्याला वाकवू शकते. म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांना मिळून वजन द्या, ताज्याला दुप्पट. सोमवार ते गुरुवार एका गटात, शुक्रवार-शनिवार दुसऱ्यात आणि रविवार वेगळा ठेवलात तर नमुना थोडा भक्कम होतो. मात्र या गटांचीही अधूनमधून तपासणी करा. कंपन्यांचा प्रवास थांबला की आठवड्याचा आकारच बदलतो आणि मधले दिवस शनिवारपेक्षा कमकुवत होतात.

पायरी ६ : रद्द होणाऱ्या खोल्या वजा करा

पिकअप निव्वळ काढला असेल तर नेहमीची कॅन्सलेशन त्यात आलेली असतात. पुन्हा वजा केली तर दुहेरी वजाबाकी होते. पण एखादा नवा आदेश किंवा नवी बातमी आली असेल, तर नेहमीचा दर चालत नाही. तेव्हा हातातल्या खोल्या आणि येणाऱ्या खोल्या यांचा हिशोब वेगळा करा: हातातल्यांपैकी किती टिकतील, आणि त्यात नव्या किती येतील.

टिकण्याचा दर बुकिंगच्या अटींवरून आणि वयावरून ठरवा. ‘नॉन-रिफंडेबल’ म्हणजे पक्के असे समजू नका. २०२० च्या वसंतात अनेक साखळी हॉटेलांनी हीच अट स्वतःहून सैल केली, आणि पक्की धरलेली बुकिंग एका रात्रीत कच्ची झाली. ग्रुपच्या बाबतीत कराराचा आकडा पाहू नका. रूमिंग लिस्टमध्ये (राहणाऱ्यांच्या यादीत) किती नावे आली आणि कट-ऑफची, म्हणजे राखलेल्या खोल्या पक्क्या करण्याची शेवटची, तारीख कधी आहे ते पाहा. आयोजकाला सरळ फोन केलेला बरा. कोणत्याही सूत्राने मिळणार नाही इतकी माहिती त्या पाच मिनिटांत मिळते.

पायरी ७ : बाहेरचे संकेत, मोजकेच

येत्या आठवड्यांतली विमाने आणि रेल्वेगाड्यांची वेळापत्रके, आसपासच्या कार्यक्रमांची कॅलेंडरे, शाळांच्या सुट्या, तुमच्या वेबसाइटवर तारखा शोधणाऱ्यांची संख्या, गूगल ट्रेंड्सवर तुमच्या ठिकाणाचा शोध, आणि प्रतिस्पर्धी हॉटेलांचे दर. यातले तीन-चार निवडा. वीस आकडे रोज पाहणाऱ्याला त्यातून हवी ती गोष्ट सिद्ध करता येते.

निवडलेला संकेत खरोखर पुढचे सांगतो का, याची साधी परीक्षा घ्या. वेबसाइटवरचे शोध आणि नवीन बुकिंग यांचे आठवडेवार आलेख एकावर एक ठेवा. शोध वाढल्यावर दहा-बारा दिवसांनी बुकिंग वाढत असेल तर तो कामाचा. शोध वाढतात आणि बुकिंग जागेवरच, असे असेल तर लोकांना यायचे आहे पण काहीतरी अडवते आहे: नियम, दर किंवा रद्द करण्याच्या अटी. शेवटच्या दोन गोष्टी तुमच्या हातात असतात. विमानांच्या जागांबाबत वेगळी सावधगिरी लागते. संकटात एअरलाइन्स वेळापत्रक आधी जाहीर करतात आणि मग उड्डाणे रद्द करतात, म्हणून जाहीर जागांपेक्षा प्रत्यक्ष उडालेल्या विमानांकडे बघा.

पायरी ८ : एका आकड्याऐवजी पट्टा, आणि पट्ट्याला जोडलेला निर्णय

पट्टा मनाने ठरवू नका. २१ दिवस आधी केलेले तुमचे अलीकडचे अंदाज काढा आणि प्रत्यक्षात किती खोल्या कमी-जास्त झाल्या ते लिहा. समजा चुका ९ खोल्या कमी ते १२ खोल्या जास्त अशा पसरल्या असतील, तर ४६ चा पट्टा ३७ ते ५८. अशी जुनी नोंदच नसेल तर सुरुवातीला पट्टा ऐसपैस ठेवा आणि दर आठवड्याला आवळा.

आता पट्ट्यातला कोणता आकडा कोणाला द्यायचा? इथे चुकीची किंमत पाहावी लागते. नाशवंत माल जास्त आणला तर तो फेकावा लागतो आणि कमी पडला तर तासाभरात मागवता येतो, म्हणून स्वयंपाकघराला ३७ च्या जवळचा आकडा. हाउसकीपिंगला माणसे कमी पडली तर पाहुणा लॉबीत ताटकळतो आणि रागाने रिव्ह्यू लिहितो, म्हणून तिथे ४६ ची ड्यूटी आणि ५८ पर्यंत पुरतील इतकी माणसे बोलावल्यास येण्याच्या तयारीत. बँकेला दाखवायच्या रोख रकमेच्या हिशोबात खालचाच आकडा. विभागागणिक वेगळे आकडे पाहून मालक गोंधळतात. त्यांना हे आधीच समजावून ठेवा, नाहीतर बैठकीचा सगळा वेळ ‘खरा आकडा कोणता’ यातच जातो.

महिन्यांच्या पातळीवर दोन-तीन परिस्थिती लिहा. ‘आशावादी’, ‘मध्यम’, ‘निराशावादी’ ही नावे निरुपयोगी, कारण आपण कोणत्या परिस्थितीत आहोत हे त्यावरून कधीच कळत नाही. त्याऐवजी अट लिहा: ‘सलग दोन आठवडे येत्या ३० दिवसांची निव्वळ बुकिंग दिवसाला १५ खोल्यांहून जास्त झाली, तर तिसरा मजला उघडायचा.’ ‘सलग पाच दिवस कॅन्सलेशन नव्या बुकिंगपेक्षा जास्त, तर रेस्टॉरंट फक्त नाश्त्यापुरते.’ अट आकड्यात असावी, ती कोण तपासणार हे ठरलेले असावे, आणि ती शांत डोक्याने आधी लिहिलेली असावी.

दरांबाबत थोडेच. गाठ परवानगीची किंवा साधनाची असेल तर दर पाडून एकही जास्तीचा पाहुणा येत नाही. जो कसाही येणारच होता, तो स्वस्तात येतो. स्वयंचलित दरप्रणाली वापरत असाल तर पहिल्या आठवड्यांत तिला किमान दराची पक्की मर्यादा घाला, कारण रिकाम्या खोल्या दिसल्या की ती दर खाली खेचू लागते.

पायरी ९ : दर सोमवारी चूक मोजा

चूक टक्क्यांत मोजण्याची सवय इथे अडचणीची ठरते. ८ चा अंदाज आणि ४ खोल्या भरल्या, तर भरलेल्या खोल्यांच्या तुलनेत चूक शंभर टक्के, पण फक्त ४ खोल्यांची. ७२ चा अंदाज आणि ९० भरल्या, तर चूक वीस टक्के, पण १८ खोल्यांची, आणि त्या दिवशी हॉटेलात धावपळ उडालेली असते. म्हणून चूक खोल्यांमध्ये मोजा. सोबत तिची दिशाही: सलग चार आठवडे अंदाज वरच राहत असेल तर पद्धतीत आशा मिसळली आहे.

सूत्राचा आकडा हाताने बदलला तर मूळ आकडा, बदललेला आकडा आणि एका ओळीत कारण लिहा. दोन महिन्यांनी पडताळा. कोणाच्या अनुभवाने अंदाज सुधारतो आणि कोणाच्या भीतीने बिघडतो हे त्यातून दिसते. ते बैठकीत कसे मांडायचे, हा वेगळा आणि नाजूक विषय.

पायरी १० : जुनी वर्षे परत कधी आणायची

संकटातली आकडेवारी पुसू नका, तिच्यावर खूण करा: अमुक तारखेपासून निर्बंध, अमुक तारखेपासून अर्धी क्षमता, अमुक महिन्यात मदतपथकांचा मुक्काम. ही खूण नसेल तर दोन वर्षांनी कोणीतरी तो महिना साधा महिना समजून वाढ मोजेल.

मागणी सावरू लागली की जुन्या वर्षांकडून फक्त आकार घ्या, पातळी ताज्या पिकअपमधून घ्या. समजा संकटापूर्वी शनिवारी सरासरी दिवसापेक्षा ३० टक्के जास्त खोल्या जात होत्या. हे प्रमाण सध्याच्या सरासरीला लावून पाहा. तीन-चार आठवडे ते प्रत्यक्षाशी जुळले तर त्या सेगमेंटसाठी जुना आकार पुन्हा वापरात आणा. तुलना तारखेची तारखेशी न करता वाराशी वार जुळवून, म्हणजे ३६४ दिवस मागे जाऊन करा, आणि दरवर्षी तारीख बदलणारे सण वेगळे काढा.

सगळे सेगमेंट एकदम बदलायची घाई नको. सुट्टीचे पाहुणे जुन्या आकारात बसले असतील तर त्यांचा अंदाज पंधरवड्यातून एकदा करा. कॉर्पोरेटचा लीड टाइम (बुकिंग आणि मुक्काम यांतले अंतर) अजून चार-पाच दिवसांचाच असेल, तर त्यांचा साप्ताहिक हिशोब आणि रोजचा फोटो चालू ठेवा. ग्रुपची वेळ सर्वांत शेवटी येते: ग्रुपसाठी राखलेल्या नव्या ब्लॉकपैकी कट-ऑफपर्यंत टिकणाऱ्या खोल्यांचे प्रमाण संकटापूर्वीच्या पातळीला आले, की आयोजकांना दर आठवड्याला फोन करणे थांबवता येते.